न विचारलेला प्रश्न

जानेवारी १९९७. टांझानियातल्या अरुशा शहरात संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणापुढे ज्याँ-पॉल अकायेसुवरचा खटला सुरू झाला होता. १९९४ च्या रवांडातल्या नरसंहाराच्या वेळी तो ताबा या भागाचा प्रशासकीय प्रमुख होता. आरोपपत्रात नरसंहार होता, खून होते, छळ होता. बलात्काराचा मात्र एका ओळीचाही उल्लेख नव्हता.

महिनाअखेरीस एक स्त्री साक्षीला आली. ओळख गुप्त राहावी म्हणून नोंदीत तिला फक्त ‘साक्षीदार जे’ म्हटलं आहे. बोलता बोलता तिने सांगितलं की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तीन जणांनी बलात्कार केला. ज्या आरोपांवर खटला चालला होता त्यांत ही गोष्ट बसत नव्हती. ती तिथेच विरून गेली असती. पण तीन न्यायाधीशांच्या पीठावर नवनीतम पिल्लै होत्या, डरबनमधल्या तमिळ वंशाच्या वकील आणि पीठावरच्या एकमेव स्त्री. न्यायाधीशांनी त्या साक्षीदाराला खोदून प्रश्न विचारले. मार्चमध्ये ‘साक्षीदार एच’ने स्वतःवरचा अत्याचार सांगितला. स्त्री संघटनांनी न्यायाधिकरणाकडे निवेदन दिलं आणि जून १९९७ मध्ये आरोपपत्रात दुरुस्ती झाली.

२ सप्टेंबर १९९८ रोजी निकाल लागला. एखादा समाज नष्ट करण्याच्या हेतूने केलेला बलात्कार हा नरसंहाराचाच भाग ठरू शकतो, असं एका आंतरराष्ट्रीय न्यायालयाने प्रथमच म्हटलं. त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती, तिची चर्चा कमी होते. दहशतीच्या परिस्थितीत केलेलं लैंगिक आक्रमण म्हणजे बलात्कार, अशी व्याख्या तिथे केली गेली. दहशतीसाठी मारहाण झालीच पाहिजे असं नाही. आजूबाजूला हत्यारबंद माणसं असणंही पुरेसं ठरू शकतं. न्यायालयाची नजर बाईच्या अंगावरच्या खुणांवरून तिला घेरून उभ्या असलेल्या सत्तेकडे वळली.

हीच नजर हवी अशी मागणी एकोणीस वर्षं आधी चार भारतीय कायदेतज्ज्ञांनी केली होती. ती मागणी महाराष्ट्रातल्या एका पोलीस ठाण्यावरून पेटली होती.

तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज. मार्च १९७२. भावाने केलेल्या तक्रारीच्या जबाबासाठी एक अल्पवयीन, अनाथ आदिवासी मुलगी रात्री ठाण्यात आली होती. जबाब संपल्यावर नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगितलं आणि तिला आत ठेवून घेतलं. तिथल्या दोन पोलिसांवर तिच्यावरच्या अत्याचाराचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी धरलं, कारण भीतीने निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर इजेच्या खुणा नव्हत्या, म्हणून सगळं शांततेत झालं, असा त्या निकालाचा सूर होता.

निकाल छापला गेला आणि कायद्याच्या ग्रंथांत जाऊन बसला. तब्बल वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, दिल्लीचे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरणागती म्हणजे संमती कशी, असा त्यांचा सवाल होता. रात्रीचं ठाणं, आत वर्दीतली माणसं, समोर गरीब पोर. ही परिस्थिती न्यायालयाला पुरावा का वाटली नाही?

या पत्राने देश हलला. १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, ८ मार्चला शहराशहरांत मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने ते खरं धरून चालायचं. पुढे २०१३ मध्ये संमतीच्या व्याख्येतच लिहिलं गेलं की केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या नियमांतही आज हेच आहे: गप्प राहणं किंवा प्रतिकार न करणं यावरून संमती ठरवायची नाही. अरुशाने देसाईगंजकडून हे उचललं, असा दावा मी करणार नाही. रवांडात कत्तल चालू होती, देसाईगंजात सगळं वरवर सुरळीत होतं. तरी दोन्ही ठिकाणी कायद्याला एकच गोष्ट दिसत नव्हती आणि ती दिसली कोणी तरी प्रश्न विचारल्यावर. स्त्रीवादी अभ्यासक शांततेच्या रूढ कल्पनेवर आक्षेप घेतात तो इथेच. बंदुका थांबल्या, दंगा झाला नाही, कोणी ओरडलं नाही, एवढ्यावर शांततेची नोंद करू नका. ज्यांना ओरडणं परवडत नाही त्यांना आधी विचारा. ३१ ऑक्टोबर २००० रोजी सुरक्षा परिषदेने ठराव १३२५ मंजूर करून शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांचा सहभाग मागितला, तो याच विचारातून.

भारत आजही हेगमधल्या त्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही. पण अजिंठ्याच्या डोंगराला लागून असलेल्या सोयगावातल्या बाईला न्यायासाठी हेगची वाट पाहायची गरज नाही. लैंगिक अत्याचाराची तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, मग घटना कुठल्याही हद्दीतली असो. ही तक्रार स्त्री अधिकाऱ्यानेच नोंदवून घ्यायची असते. नोंदवायला नकार देणं हा त्या अधिकाऱ्याचा गुन्हा आहे. आणि ‘तू प्रतिकार का केला नाहीस?’ असं कोणी विचारलं, तर त्याला सांगा की कायद्याने या प्रश्नाचं वजन कधीच काढून घेतलं आहे.