उष्माघात झाला, तर आधी अ‍ॅम्ब्युलन्स की आधी बर्फ?

१६ एप्रिल २०२३. नवी मुंबईतल्या खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. लाखो लोक भर उन्हात बसले होते. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला.

नंतर चर्चा झाली ती मंडप का नव्हता याची. ती व्हायलाच हवी होती. पण मैदानावर नेमकी कोणती वैद्यकीय मदत हवी, हा प्रश्न मागेच पडला.

आपल्याकडे तयारी म्हणजे किती अ‍ॅम्ब्युलन्स उभ्या केल्या, एवढंच सांगितलं जातं. उष्माघातात मात्र रुग्णाला हलवण्याआधी थंड करायचं असतं. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, की मेंदू, यकृत, मूत्रपिंडं धोक्यात येतात. साधारण अर्ध्या तासात तापमान उतरवलं, तर वाचण्याची शक्यता खूप वाढते. गर्दीतून अ‍ॅम्ब्युलन्स बाहेर पडेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो.

म्हणूनच अनेक मॅरेथॉनच्या वैद्यकीय तंबूत बर्फाच्या पाण्याचा टब असतो. रुग्णाला त्यात मानेपर्यंत बुडवतात. तापमान गुदद्वारातून मोजतात. कोविडमधली कपाळावर धरायची ‘गन’ इथे फसवते. टब नसेल तर चौघांनी ताडपत्रीचा झोळ धरायचा, त्यात रुग्णाला ठेवून बर्फ-पाणी ओतायचं. हा खर्च स्टेजवरच्या फुलांपेक्षाही कमी. तेही नसेल, तर अंगावर पाणी मारून वारा घालायचा. किनारपट्टीच्या दमट हवेत मात्र याचा उपयोग कमी होतो, कारण पाण्याची वाफ लवकर होत नाही.

शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. आणि १०८ला फोन लगेच करायचा, पण एक जण फोनवर असताना दुसऱ्याने थंड करायला सुरुवात केलेली हवी.