अवतार कुणाचा, यंत्र कुणाचे?

बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ईश्वरी अवतार नाकारला आहे. हाच शब्द नील स्टीफन्सन या अमेरिकन लेखकाने 'स्नो क्रॅश' (१९९२) या विज्ञान-कादंबरीत निराळ्या अर्थाने योजला. तिच्यात 'मेटाव्हर्स' नावाचे संगणकाने रचलेले जग आहे. डोळ्यांवर यंत्राचा चष्मा चढवला की माणूस ६५,५३६ किलोमीटर लांबीच्या रस्त्यावर उतरतो. त्याचे तिथले रूप म्हणजे अवतार.

रूप हवे ते घेता येते. मग जन्माने लादलेली पायरी तिथे उरणार नाही, असे वाटते. पण ती उरते. पैसेवाल्याचा अवतार रेखीव, स्वस्तातले अवतार एका साच्याचे. सार्वजनिक यंत्रावरून येणारा तर काळापांढरा, अस्पष्ट दिसतो. रस्त्यालगतची जागाही विकतच घ्यावी लागते. नायक हिरो तिथे प्रतिष्ठित. प्रत्यक्षात माल ठेवायच्या भाड्याच्या कोठारात राहणारा.

शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्यांना हे समजावणे मला जड जात नाही. भातसा, तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात. पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथले पाडे टँकरची वाट पाहतात. पाणी डोळ्यांसमोर असले म्हणून आपले होत नाही. जलवाहिनी कुणाच्या ताब्यात, यावर ते ठरते. कल्पनेतल्या जगालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे : तिथे जाण्याचे यंत्र कुणाच्या हाती आहे?