लोह्याला वळलं की समुद्र

नागपूर–रत्नागिरी महामार्ग नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा, तुळजापूर करत शेवटी कोकणात उतरतो. मे महिन्यात या रस्त्यावर टपाला ताडपत्री आवळलेल्या गाड्यांची रांग असते. कुणी कुणकेश्वरला निघालेलं असतं, कुणी तारकर्लीला. नवरा-बायको दोघंच असतील तर हल्ली डिकीत तंबूही असतो. समुद्र बघायचा तर निम्मा महाराष्ट्र ओलांडायचा, हे मराठवाड्यात सगळे धरूनच चालतात. पण याच रस्त्यावर लोह्याला कंधारचा फाटा आहे. तिथे वळलं की पंधराएक किलोमीटरवर जगत्तुंग समुद्र आहे, हजाराहून जास्त वर्षांचा. कोकणात जाणाऱ्या गाड्या तो फाटा मागे टाकून पुढे जातात.

आम्ही दोघांनी यंदा कोकण सोडून हाच उन्हाळी रस्ता धरला, लातूरहून कंधारकडे. "मे महिन्यात, इथल्या उन्हात, तंबूत?" असं ज्यांनी विचारलं त्यांचं काही चुकलं नाही. दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो आणि नायलॉनच्या तंबूत जीव नुसता उकडून निघतो. तरी लातूरहून निघायला माझ्यापाशी कारण होतं. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत. लट्टलूर म्हणजे आजचं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे मळखेडच्या गादीवर बसलेल्या तिसऱ्या कृष्णाच्या बिरुदावलीत कंधारपूरही आलं. म्हणजे एका बिरुदापासून दुसऱ्या बिरुदापर्यंतचा हा रस्ता, आणि तो आज चारचाकीने एका सकाळीत संपतो.

आम्ही तो संपू दिला नाही. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट पाहिलं. हे बेट पाण्यातलं नाही, औषधी वनस्पतींसाठी नावाजलेलं माळरान आहे. उन्हाळ्यात तिथे जाणकार सोबत नसेल तर सगळी झुडपं सारखीच दिसतात. त्यामुळे आम्ही फार रेंगाळलो नाही. अहमदपूर मागे पडलं, जिल्हा बदलला आणि माळाकोळीच्या बाजूने लिंबोटीचं धरण गाठलं.

लिंबोटीचं सरकारी नाव ऊर्ध्व मानार प्रकल्प. मानार म्हणजेच आपली मन्याड, तीच पुढे कंधारजवळून जाते. जलाशय मेमध्ये आत आत सरकलेला असतो. मोकळ्या पडलेल्या गाळाला एवढ्या रुंद भेगा पडतात की चप्पल अडकावी. त्या भेगांच्या कडेला, जिथे ओल सुरू होते, तिथे लाल लांब पायांचे शेकाटे चोच खुपसत फिरत होते. माझ्या नवऱ्याने ऐन उमेदीची वर्षं पाटबंधाऱ्याच्या कामांवर काढलेली. त्यामुळे मी पक्षी बघत होते आणि तो भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा. काठावर तंबू ठोकायची त्याचीच हौस होती. शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्याने ती मोडून काढली.

"पाण्याकाठी नका निजू बाई, इच्चू-काट्याचं भ्या हाय. आखाड्यावर चला, बाजा देतो."

आखाड्यावरच्या बाजेवर, मच्छरदाणी लावून, उघड्या आभाळाखाली झोपलो. तंबू गाडीतच राहिला, आणि माझं मत विचाराल तर तो तिथेच शोभत होता. ज्यांचं बालपण माळवदावर पाण्याचा सडा मारून अंथरूण टाकण्यात गेलं, त्यांना उन्हाळ्यातला मुक्काम कुणी नव्याने शिकवायला नको. जेवायला आमच्याकडे ज्वारीचं पीठ, दाण्याची चटणी आणि बोरसुरीची तूरडाळ होती. निलंगा तालुक्यातल्या या डाळीला भौगोलिक मानांकन मिळालंय. तीन दगडांच्या चुलीवर तिचं वरण शिजलं, पण मानांकनाने शिजायचा वेळ काही कमी होत नाही.

कंधारला दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी पोचलो. हा भुईकोट किल्ला आहे. डोंगर चढायचा नाही, पण तटासमोर उभं राहिलं की उंचीची कसर रुंदीने भरून काढलेली दिसते. भोवती खंदक, आत एकामागे एक तटबंदी, काळ्या दगडाचे बुरूज, वळणं घेत आत नेणारे दरवाजे. किल्ल्याची सुरुवात राष्ट्रकूटांनी केली असं मानतात. पुढे काकतीय, बहमनी, निजामशाही, मुघल आणि शेवटी हैदराबादचा निजाम अशा हातांतून तो गेला. त्यामुळे एकाच भिंतीत कमानी एका काळातल्या आणि पायथ्याचे घडीव दगड दुसऱ्याच काळातले. मोडक्या देवळाचा एखादा कोरीव तुकडा तटात आडवा बसवलेला दिसतो. राणी महालाच्या सावलीत जरा टेकता येतं.

पण किल्ल्यापेक्षा मला खिळवून ठेवलं ते क्षेत्रपालाच्या अवशेषांनी. कंधार परिसरात एका अवाढव्य मूर्तीचे तुकडे सापडले. त्यातलं पाऊल बघितलं की नजर आपोआप वर जाते, जिथे आता काहीच नाही. मूर्ती उभी असताना पन्नास फुटांच्या आसपास असावी, असा अंदाज बांधला जातो. अंगठ्याचं नखसुद्धा कारागिराने नीट घासून गोल केलंय. खालून बघणाऱ्याला इतकी मोठी मूर्ती अखंड कधी दिसली असेल, कोण जाणे. शिल्पाच्या भव्यतेसाठी सगळे वेरूळला जातात आणि ते योग्यच आहे. पण कैलास लेणं ज्या घराण्याने खोदवलं, त्याच घराण्याचं हे पाऊल.

तिसऱ्या कृष्णाच्या काळातला कंधारचा शिलालेख इथल्या देवळांची, मंडपांची नोंद करतो, आणि जगत्तुंग समुद्राचीही. जगत्तुंग हे तिसऱ्या गोविंदाचं बिरुद होतं, त्या घराण्यात ते पुढेही फिरत राहिलं. मोठ्या तलावाला समुद्र म्हणायची तेव्हा रीतच होती. हळेबीडचं जुनं नाव द्वारसमुद्र. तलावाच्या काठाने चालताना नवरा पहिल्यांदा पूर्ण गप्प झाला, मग हळूच म्हणाला, "अगं, जागा बघ कशी निवडलीय." त्याच्या तोंडून पाटबंधाऱ्याच्या कामाचं एवढं कौतुक मी फार क्वचित ऐकलंय. लोकवस्तीजवळ, पाणी आपसूक उतरत येईल अशा उताराला बांध घालायचा, हे गणित त्या काळात कुणीतरी अचूक केलं होतं. काठावर म्हशी डुंबत होत्या, पलीकडे पाणकावळे पंख वाळवत बसले होते.

ज्या लट्टलूरच्या नावाने हे राजे मिरवत, त्या शहराला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर होतं. ती गाडी बघायला स्टेशनवर जमलेली गर्दी लातूरकर अजून विसरलेले नाहीत.

कंधारला आलात तर हाजी सय्याह सरवर मगदूम यांच्या दर्ग्यालाही जा. दर्शनाला सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात. गावात बोलायला बसलात तर गोष्ट हमखास केशवराव धोंडगे यांच्यावर येते. शेतकरी कामगार पक्षाचे हे नेते विधानसभेत आणि लोकसभेत गाजले आणि शंभरी ओलांडून 2023 च्या पहिल्याच दिवशी गेले. त्यांना 'मन्याडचा वाघ' म्हणत. त्यांच्या भाषणांचे किस्से चहाच्या दोन कपांत आटोपत नाहीत.

व्यवहाराचं सांगायचं तर किल्ला सकाळी आटोपा, अकरानंतर दगड तापतात. प्यायचं पाणी सोबतच हवं. आणि मुक्कामाची हौसच असेल तर मे सोडून मार्गशीर्षात या. वद्य चतुर्दशीच्या सुमारास लोह्याजवळच्या माळेगावला खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार भरतो, वाघ्या-मुरळी येतात, तमाशाचे फड लागतात आणि माळावर हजारो बिऱ्हाडं राहुट्या टाकतात. लगेच दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याच्या कोपीतल्या पांडवांची पूजा होते, भज्जी आणि आंबिलीवर ताव मारला जातो. ओळखीचं शेत नसलं तरी अडत नाही. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून पंगतीला बसवायची तिथे पद्धतच आहे.