जुन्या तबकडीची शुद्धि

पुष्कळ घरांतून वाडवडिलांच्या काळच्या लाखेच्या तबकड्या अद्यापि जपून ठेविलेल्या आढळतात. त्या लावल्या असतां प्रथम ऐकूं येते ती खरखर; गवई मागाहून! ही खरखर काढणें आतां संगणकामुळें सोपें झालें आहे. परंतु ती काढतांना गाणें शाबूत राखणें, हेंच खरें कौशल्य होय.

१९०२ सालीं कलकत्त्यास फ्रेड गैस्बर्ग यानें गौहरजानचें गायन मुद्रित केलें, तेव्हां मायक्रोफोन नव्हता. गायिकेस कर्ण्याच्या तोंडाशीं गावें लागे. विद्युत्-पद्धति आली ती १९२५ च्या सुमारास. कर्ण्यानें अति खर्जांतले व अति बारीक ध्वनि टिपलेच नाहींत. आणि जें टिपलेंच गेलें नाहीं, तें कोणत्याही यंत्रास परत आणतां येत नाहीं.

शुद्धीचा आरंभ तबकडीपासूनच होतो. लाख मद्यार्कांत विरघळते; म्हणून स्पिरिटचा बोळा फिरविणें म्हणजे गाणेंच पुसणें होय. सुईही योग्य हवी. लाँग-प्लेची बारीक सुई या रुंद खोबणीच्या तळाशीं लोळते व तेथील धूळच वाजविते.

नंतर वेग. प्रारंभींच्या सर्वच तबकड्या मिनिटास ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. ७४ फेऱ्यांची तबकडी ७८ नें फिरविली, तर आवाज जवळजवळ अर्धा स्वर चढतो. पांढरी एकमध्यें गाणारा गवई काळी एकमध्यें गातोसा वाटतो, व त्याची तानही वाजवीपेक्षां जलद भासते.

मग संगणकाचें काम. ध्वनीचीं सेकंदास बहुधा ४४,१०० किंवा त्याहून अधिक मापें घेतलीं जातात. तबकडीस तडा असेल, तर प्रत्येक फेऱ्यास ‘टक्’ असा आवाज होतो. तेथील बिघडलेलीं मापें काढून शेजारच्या मापांच्या आधारें जागा भरतात. रफूगर शेजारच्या धाग्यांवरून कापड विणतो तसेंच हें! सततच्या खरखरीसाठीं, गाणें सुरू होण्यापूर्वींच्या कोऱ्या खोबणीचा नमुना घेऊन, तिच्यांत कोणते ध्वनि किती प्रबळ आहेत हें पाहून तेवढे वजा करतात. येथें हांव धरली, कीं तंबोऱ्याची मंद आस व गायकाचा श्वासही त्याबरोबर जातो, आणि गवई पाण्याखालून गातोसा वाटूं लागतो.

तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची. म्हणून कांहीं गाणीं दोन बाजूंवर विभागलेलीं असत. तीं जोडतांना सांधा ऐकूं येऊं नये व सम चुकूं नये. जुन्या कांहीं तबकड्यांच्या शेवटीं गायिका स्वतःचें नांव उच्चारते. तें अनावश्यक समजून कापल्यास इतिहासच कापला जातो.

म्हणून जाणते लोक मूळ खरखरीसह एक प्रत जशीच्या तशी राखून ठेवितात व संस्कार दुसरीवर करितात. उद्यां अधिक चांगली युक्ति निघेल. तेव्हां कामीं येईल ती हीच न धुतलेली प्रत.