तेल कोठून गळते?

यमुना आणि हिंडन या दोन नद्यांच्या मधल्या सखल भूमीवर १९७६ साली नोएडा हे औद्योगिक नगर वसविण्यास प्रारंभ झाला. तेथील ट्रान्सपोर्ट नगरात उभी असलेली एखादी जुनी मालमोटार निघून गेली, की मागे जमिनीवर काळा डाग उरतो. हे एंजिनातील वंगणतेल होय. डागाच्या बरोबर वर असलेला भागच नादुरुस्त असावा, असे पाहणाऱ्यास वाटते; परंतु ही समजूत पुष्कळदा चुकीची ठरते.

गळालेले तेल खाली ओघळते आणि पंख्याचा व धावत्या गाडीचा वारा त्यास मागे ढकलतो. त्यामुळे एंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरचे पॅकिंग फुटले, तरी थेंब पडतात ते तळाशी, क्लचजवळ. मग क्रँकच्या मागील ऑइल सीलला दोष देऊन गिअरबॉक्स उतरविला जातो, खर्च होतो आणि डाग पुन्हा दिसू लागतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत!

याकरिता प्रथम थंड एंजिन स्वच्छ धुऊन कोरडे करावे. संशयित सांध्यांवर शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी. एंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे आणि विजेरीने पाहावे. पूड जेथे सर्वांत वर व सर्वांत पुढे ओली झालेली दिसेल, तेथे गळतीचे मूळ असण्याचा संभव अधिक. तेलात चमकणारे रंगद्रव्य मिसळून अतिनील प्रकाशात पाहण्याचीही रीत आहे.

पॅकिंग बदलण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी. जळालेल्या वायूचा काही अंश पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खालच्या चेंबरमध्ये शिरतो. त्यास बाहेर पडण्याची वाट म्हणजे ब्रीदर. तो काजळीने तुंबला, की आतील दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते. अशा वेळी ब्रीदर साफ करणे हाच उपाय होय. रिंगाच झिजल्या असतील, तर नवे सीलही फार काळ टिकत नाही.

उष्णतेने व वयाने रबर कडक होते. ते बदललेच पाहिजे. परंतु बोल्ट अवाजवी आवळू नयेत. त्याने चेंबरची पत्र्याची कड वाकते आणि गळती उलट वाढते.

तेलाची पातळी फार उतरली, तर बेअरिंगे वंगणावाचून घासून निकामी होतात; तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर तेल पडल्यास आग लागू शकते. जमिनीवर सांडलेले तेल पावसाच्या पाण्याबरोबर गटारांत आणि तेथून नदीत जाऊ शकते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. म्हणून दुरुस्तीच्या वेळी काढलेले तेल भांड्यात धरावे आणि ते शुद्ध करणाऱ्या परवानाधारकाच्या हवाली करावे.