मागे बसणारीचा उजवा हात

"तुला काय गं, मागे बसून चार तारा तर छेडायच्यात!"

दोन वर्षांपूर्वीची गुरुपौर्णिमा. मी घाईघाईनं साडीच्या निऱ्या सारख्या करत होते आणि माझी जाऊ दारात उभी राहून हसत होती. मीही हसले. खरं सांगायचं तर तोपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. गाणाऱ्या बाई पुढे, तबला-पेटी बाजूला, आणि मागे तंबोरा घेऊन आपण. चार तारा. प, सा, सा, सा. पुन्हा प, सा, सा, सा. यात चुकण्यासारखं आहे तरी काय?

त्या संध्याकाळी ते कळलं.

आमच्या बाई आता सत्तरी ओलांडलेल्या. विट्यासारख्या गावात त्यांनी कितीतरी मुलींना गाणं शिकवलं. आधीचं वर्ष त्यांचं आजारपणात गेलं होतं, आवाज थोडा थकला होता. त्या भूप गायला बसल्या. पहिली दहा मिनिटं छान गेली. मग माझा खांदा दुखायला लागला. समोर तिसऱ्या रांगेत आमच्या बचत गटाच्या बायका बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघून मी हसले. दुसऱ्या दिवशी बँकेत जायचं होतं, ते आठवलं. तेवढ्यात बाईंनी गाता गाता मागे वळून पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा एकदा. मला वाटलं, तार उतरली की काय! पण तारा तर सुरात होत्या.

कार्यक्रम संपला, चहा झाला. सगळे गेल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "तुझा हात फिरतो. मध्यावर सुरू केलास आणि पार भोपळ्यापाशी येऊन बसलास. आवाज बदलला, जोर बदलला, शेवटी तबल्याच्या मागे पळायला लागलास. मी सा कुठं शोधू? पुढच्या वेळी यंत्रच लावते. त्याचा हात फिरत नाही."

मैत्रिणींनो, घरी येऊन मी ओट्याशी उभी राहून रडले. कुणाला हे फार वाटेल. पण मी शेहेचाळीस वर्षांची बाई. घर, सासूबाईंची औषधं, बचत गट, आमच्या महिला मंडळात भांडणं घेऊन येणाऱ्या बायका, या सगळ्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी मी तंबोऱ्याला बसत होते. त्या दोन तासांत मला कुणी हाक मारत नव्हतं. ती जागा आता एक डबी घेणार होती, आणि तीही माझ्यापेक्षा चांगलं काम करणार होती!

आठ दिवस रुसून बसले. मग बाईंकडे गेले आणि म्हटलं, "बाई, गाणं राहू दे. मला फक्त हात शिकवा."

टिकलीची युक्ती

बाईंनी सुरुवातीपासून शिकवलं. तंबोरा उभा धरला, की उजवा हात दांडीला टेकतो. अंगठा दांडीच्या कडेला, आधाराला. पहिली तार पंचमाची, ती मधल्या बोटानं. मग मधल्या दोन जोडीच्या आणि शेवटची खर्जाची, या तिन्ही तर्जनीनं. बोट तारेला आडवं घालून ओढायचं नाही. ते तारेच्या जवळजवळ समांतर ठेवून, बोटाच्या मांसल भागावरून तार हलकेच सुटू द्यायची. नख लागता कामा नये. आणि जागा? तारेच्या साधारण मध्यावर, भोपळ्यापासून बरीच वर.

"छेडायची नसते गं तार," बाई म्हणाल्या, "तिच्यावरून बोट उतरू द्यायचं. झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात काढतेस ना, तसं."

हे सगळं मला आधी सांगितलेलं होतंच. पण ऐकणं वेगळं आणि हातात येणं वेगळं. घरी पहाटे पाच ते सव्वापाच सराव करायचा ठरवला. पंधरा मिनिटं, जास्त नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे आणि नंतर पहिलं मिनिट आणि शेवटचं मिनिट लागोपाठ ऐकायचे. पहिल्या दिवशी ऐकलं आणि लाजच वाटली. सुरुवातीचा आवाज भरलेला, गोल. शेवटचा पातळ, टोचणारा. जणू दोन वेगळे तंबोरे!

मग मला एक घरगुती युक्ती सुचली. कपाळावरची टिकली काढली आणि दांडीच्या कडेला, अंगठा जिथे टेकतो तिथे चिकटवली. बोट कितीही भटकलं तरी अंगठ्यानं टिकली सोडायची नाही. माझं माहेर शेतकऱ्याचं. मला ते गोठ्यासारखं वाटलं. अंगठा म्हणजे खुंटा आणि बोटं म्हणजे दाव्याला बांधलेली गाय. गाय हलेल, पण लांब जाणार नाही.

चार-पाच दिवसांत कळलं की हात बोटामुळे घसरत नाही, खांद्यामुळे घसरतो. खांदा उचलून धरला की तो दमतो, दमला की कोपर खाली येतं, आणि कोपराबरोबर आख्खा हात भोपळ्याकडे उतरतो. म्हणजे बसायच्या आधीच बैठक नीट हवी. तंबोऱ्याचा भार मांडीवर, दांडी खांद्याला टेकलेली, खांदा सैल. दर काही आवर्तनांनी मनात विचारायचं, खांदा कुठे आहे?

मिरजेची फेरी

त्याच दिवसांत खर्जाच्या तारेचा आवाज बसल्यासारखा झाला, म्हणून तंबोरा घेऊन मिरजेला गेले. एसटीत तंबोरा सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं! मिरजेत तंतुवाद्यं बनवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही वाचलं असेलच. भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून.

कारागिरानं घोडी घासून जवारी काढली. घोडी म्हणजे तारांच्या खालची ती रुंद पट्टी. तिचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित उतरता असतो. तार तिला हलकेच घासत थरथरते, आणि मध्ये घातलेलं सुताचं बारीक बोटूक पुढे-मागे सरकवलं की आवाज एकदम फुलतो. मी विचारलं, "जवारी एवढी चांगली लागली, तर मग बोट कुठेही ठेवलं तर चालेल ना?" ते हसले. "ताई, जवारी आम्ही देऊ. हात कुठून देणार?"

घरी आल्यावर मुलाच्या मदतीनं थोडं वाचन केलं. आपले सी. व्ही. रामन! त्यांना १९३० साली नोबेल मिळालं ते प्रकाशाच्या अभ्यासाला, पण त्याआधी, १९२१ साली, त्यांनी तंबोरा आणि वीणेवर निबंध लिहिला होता. साध्या तारेचा नियम असा, की ती जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो, ते उपस्वर उमटत नाहीत. म्हणजे बरोबर मध्यावर छेडलेल्या तारेतून निम्मे उपस्वर गायब व्हायला हवेत. तंबोऱ्यात मात्र तेही ऐकू येतात, आणि ही किमया त्या रुंद घोडीची, असं रामन यांनी दाखवलं. म्हणूनच मध्यावर हळुवार बोट ठेवूनही तंबोरा एवढा भरून बोलतो. टोकाकडे सरकलं की तार ताठ लागते, आवाज कडक होतो, प्रत्येक वेळी बोटाचा आघात वेगळा ऐकू येतो. गाणारीला हवा असतो अखंड सूर. तिच्या कानाशी आपण टकटक करत बसतो!

भाच्याचा डबल बास

दिवाळीत मुंबईहून माझा भाचा आला. तो डबल बास शिकतो. डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं सगळ्यात थोरलं वाद्य, माणसापेक्षा उंच. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांनी पाश्चात्त्य वाद्यं वाजवली, त्यांत हेही होतं. ते गजानं वाजवतात, तसंच बोटांनीही. मी त्याला माझं टिकली-प्रकरण सांगितलं आणि तो उडालाच.

"मावशी, आमच्या सरांचं रोजचं रडगाणं हेच!" तो म्हणाला. "उजव्या हाताचा अंगठा पट्टीच्या कडेला टेकवायचा आणि पट्टी जिथे संपते त्याच्या आसपास, तर्जनीच्या कडेच्या मांसल भागानं तार ओढायची. हात घोडीकडे गेला की आवाज कोरडा होतो, वर गेला की मऊ पडतो. मुद्दाम सरकवला तर तो रंग. नकळत सरकला तर ती चूक."

मला हे वाक्य फार आवडलं. मुद्दाम सरकवला तर रंग, नकळत सरकला तर चूक. मी विचारलं, "तुझ्याकडे कुणी बघतं का रे कार्यक्रमात?" तो म्हणाला, "कुणीच नाही. पण मी थांबलो तर सगळे बघतात."

टिकली काढली तेव्हा

पाच महिन्यांनी बाईंनी तंबोरा हातात दिला. टिकली पाहून पोटभर हसल्या, आणि मग नखानं ती काढून टाकली. "आता डोळे मीट. जागा डोळ्यांनी नाही, कानांनी शोध."

पहिल्या दोन मिनिटांत घाम फुटला. मग हळूहळू लक्षात आलं, की हात एखादं बोट खाली सरकला तरी आवाज लगेच सांगतो. आपण ऐकत नसतो, एवढंच. पंचम वाजवताना मी पुढच्या सा चा विचार करत होते आणि सा वाजवताना बँकेचा. चार तारांना सारखंच वजन द्यायचं, आधीची विझायच्या आत पुढची यायला हवी, आणि तबला कितीही धावला तरी आपण आपल्या चालीनं चालायचं. हे जमायला हात कमी लागतो, कान जास्त.

एक कबूल करते. याचा उपयोग मला मंडळातही झाला. आमच्याकडे एखादी बाई रडत येते, तेव्हा पूर्वी मी पाच मिनिटांत सल्ला द्यायला सुरुवात करायची, दहाव्या मिनिटाला घड्याळ बघायची. तिचा आवाज वर गेला की माझाही जायचा. आता खांदा सैल सोडते आणि आहे तिथेच बसते. तिला तिचा सूर सापडेपर्यंत.

गेल्या गुरुपौर्णिमेला बाईंनी यंत्र आणलं होतं. पेटीशेजारी ते पिशवीत होतं, मी पाहिलं. काही बोलले नाही. तंबोरा लावला, अंगठा टेकवला, डोळे मिटले. बाईंनी भूपच घेतला. मध्येच त्यांचा श्वास कमी पडला, षड्जावर येताना त्या क्षणभर थांबल्या. माझ्या पोटात गोळा आला, पण हात तिथेच राहिला. प, सा, सा, सा. त्यांनी तो सा मागून उचलला आणि पुढे निघाल्या.

चाळीस मिनिटांत बाईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर जावेनं विचारलं, "कसं झालं गं? तुझं कुणी कौतुक केलं का?"

"नाही," मी म्हटलं. "कुणाचं लक्षच गेलं नाही माझ्याकडे."

आणि मला इतका आनंद झाला होता, की त्या रात्री मी सगळ्यांसाठी साजूक तुपातला शिरा केला.