पाठीतलं पाणी

दोन-तीन आठवडे डोकं दुखतंय, बारीक ताप, संध्याकाळी कणकण. घराजवळच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, पित्त म्हणून पथ्य झालं, चष्म्याचा नंबरही तपासून झाला. मग उलट्या सुरू झाल्या आणि काल रात्रीपासून माणूस असंबद्ध बोलायला लागला, तेव्हा गाडी करून मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत आणलं. नातेवाइकांनी अशी हकिगत सांगितली की आमचा रेसिडेंट आधी मान वाकवून बघतो. मान ताठ लागली आणि एक डोळा बाहेरच्या बाजूला वळत नसला, तर केसपेपरवर पहिली शक्यता लिहिली जाते ती मेंदूच्या आवरणाच्या टीबीची.

टीबीचा जंतू श्वासातून फुफ्फुसात आणि तिथून रक्तावाटे मेंदूपर्यंत जातो. आवरणालगत त्याची बारीक गाठ होते आणि ती कित्येक महिने, कधी कधी वर्षानुवर्षं गप्प राहते. ती फुटली की जंतू मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतात. मेंदूच्या तळाशी दाट, चिकट स्राव साचतो. डोळे फिरवणाऱ्या नसा त्यात सापडतात, म्हणून एकाच्या दोन वस्तू दिसतात. तिथल्या धमन्या सुजून बंद पडल्या की अर्धांगवायू होतो. पाण्याची वाट अडली की मेंदूतल्या पोकळ्या फुगायला लागतात. माणूस नीट बोलत-चालत असताना औषध सुरू झालं तर बहुतेक जण वाचतात. पूर्ण बेशुद्ध होऊन आलेल्यांपैकी साधारण निम्मे हाती लागत नाहीत. या आजारात मी भांडते ती वेळेसाठी, आणि वेळ बहुतेकदा पाठीतल्या पाण्यापाशी अडतो; मेंदूभोवतीचं हेच पाणी तपासणीसाठी पाठीतून काढावं लागतं.

"मॅडम, पाठीतलं पाणी काढलं की कमरेखालचं अंग जातं म्हणे. आमच्या पाहुण्यांत एकाचं गेलं." हे ऐकल्यावर चिडून उपयोग नसतो. त्या पाहुण्यांचे पाय आजारानेच गेलेले असणार. पाणी त्याच आठवड्यात काढलं म्हणून दोष सुईला लागला. मी पाठमोरी होऊन स्वतःच्या कमरेवर बोट ठेवून दाखवते, "मावशी, मज्जारज्जू इथं वरच संपतो. सुई आम्ही त्याच्या दोन बोटं खाली घालतो." बोलण्यापेक्षा हे दाखवणं जास्त पटतं. मग सही मिळते.

सुई घालण्याआधी डोळ्यांचे पडदे तपासायचे. मागची नस सुजलेली असेल किंवा एका अंगाची ताकद गेली असेल, तर आधी सीटी स्कॅन. पुढचं काम रुग्ण कसा झोपवला यावर ठरतं. वॉर्डातले मामा त्याला डाव्या कुशीवर, पलंगाच्या अगदी कडेला घेतात. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. चांगले मामा असले तर निम्मं काम तिथंच झालेलं असतं. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांचे वरचे काठ जोडणारी रेघ मनात ओढली की ती कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. त्याच्या वरची किंवा खालची फट बोटाने चाचपायची, बीटाडिन लावायचं, जागा बधिर करायची. सुई बेंबीच्या रोखाने आत जाते. हाताला आधी घट्ट विरोध लागतो आणि मग एकदम तो सुटतो. आतली तार मागे घेतली की थेंब येतो.

रेसिडेंट नवा असला की चार थेंबांवर थांबतो, जास्त काढायला धजावत नाही. त्याला हिशेब सांगावा लागतो. प्रौढ माणसाच्या शरीरात हे पाणी कोणत्याही क्षणी साधारण १५० मिलिलिटर असतं आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतं. १० मिलिलिटर काढलं तर अर्ध्या तासात भरून निघतं. टीबीचे जंतू या पाण्यात इतके विरळ असतात की पाणी कमी तर सापडण्याची शक्यताही कमी.

नमुन्याचे बल्ब भरले की मी उजेडाकडे धरून बघते. निरोगी पाणी नळाच्या पाण्याइतकं स्वच्छ असतं. टीबीचं बरेचदा किंचित पिवळसर, आणि बल्ब काही तास स्थिर ठेवला तर त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा तलम पडदा धरतो. बल्ब लगेच प्रयोगशाळेत पोचले पाहिजेत, कारण तासाभरातच पेशी फुटायला लागतात. दुपारच्या फेरीची वाट बघत ते सिस्टरच्या टेबलावर राहिले तर अहवालाला अर्थ उरत नाही. रक्तातली साखरही त्याच वेळी तपासायची. पाण्यातली साखर एरवी तिच्या दोन-तृतीयांश असते. टीबीत ती निम्म्याखाली जाते, प्रोटीन शेकड्यांत चढतं, पेशी वाढतात आणि त्यांत लिम्फोसाइट जास्त असतात. सीबीनॅट यंत्र दोन तासांत जंतूची जनुकं शोधून देतं. ते 'आहे' म्हणालं तर प्रश्नच मिटला. 'नाही' म्हणालं तरी टीबी नाही असं होत नाही, आणि कल्चरला कित्येक आठवडे लागतात.

म्हणून पुरावा हाती येण्याआधी औषध सुरू करावं लागतं. हकिगत, मान, डोळा, पाणी आणि स्कॅन एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर त्याच संध्याकाळी चार औषधं आणि जोडीला स्टेरॉइड. व्हिएतनाममध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे मृत्यू कमी झाले. अपंगत्व मात्र फारसं कमी झालं नाही. त्याचं कारण मला वॉर्डात रोज दिसतं. ज्या धमन्या आधीच बंद पडल्या, त्या स्टेरॉइडने उघडत नाहीत.

पाणी गढूळ आलं तर गोष्टच वेगळी. तो साध्या जिवाणूंचा मेनिंजायटिस, तिथं तासांचा हिशेब असतो, आणि सेफ्ट्रायाक्सोन हे अँटिबायोटिक स्कॅनसाठी अडवून ठेवायचं नसतं. वागणं अचानक बदललं, झटके आले, तर हर्पिसचा विचार करून असायक्लोव्हिर. विदर्भातल्या सहकाऱ्यांना पावसाळ्यात चांदीपुरा विषाणूची धास्ती असते. नागपूरजवळच्या त्याच नावाच्या गावात १९६५ साली हा विषाणू सापडला. वाळूमाशीतून तो पसरतो, सकाळी खेळणारं मूल दिवसभरात बेशुद्ध पडतं, आणि त्यावर नेमकं औषध आजही नाही. टीबीवर औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं, म्हणून त्यातला उशीर मला जास्त लागतो.

उपचार साधारण वर्षभर चालतात: दोन महिने चार औषधं, पुढे तीन. त्यांतलं ईथॅमब्युटॉल चालू आहे तोवर दर भेटीला रंग नीट ओळखता येतात का, ते बघायचं, कारण त्याने डोळ्यांची नस बिघडू शकते. स्टेरॉइड सहा ते आठ आठवड्यांत हळूहळू उतरवायचं. ते उतरवताना काहींचं डोकं पुन्हा दुखायला लागतं; मरणाऱ्या जंतूंविरुद्ध शरीराचीच झुंज वाढते, नवी गाठ दिसते किंवा पाणी तुंबून मेंदूतून पोटात नळी टाकावी लागते. घरच्यांना मात्र वाटतं, औषध लागू पडत नाही. गोळ्या बंद होतात, दुसरा डॉक्टर, मग तिसरा. असे रुग्ण परत येतात तेव्हा बहुतेकदा स्ट्रेचरवरून. म्हणून डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली मोठ्या मराठी अक्षरांत लिहायला मी रेसिडेंटना सांगते: डोकं पुन्हा दुखलं, उलटी झाली किंवा झोप फार वाढली, तर गोळ्या बंद न करता त्याच दिवशी इथं या, ओपीडीचा वार नसला तरी.